थंडीपुरती फिरण्याची वेळ बदलली आहे : सर्व सभासदांसाठी सूचना

सप्रेम नमस्कार.

निफाडकडचा गारठा आता नाशकातही जाणवू लागला आहे. त्यामुळे येत्या सोमवारपासून संक्रांतीपर्यंत आपला गट पहाटे साडेपाचऐवजी सकाळी साडेसातला, ऊन आल्यावर, नेहमीच्या बागेच्या फाटकाशी जमेल. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावर ताण येतो. म्हणून कृपया कोणीही अंधारात एकट्याने निघू नये. कानटोपी, मोजे आणि न घसरणारे बूट हवेतच.

घरासाठी कळकळीची विनंती:

• बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपेतच माणूस बेशुद्ध होतो. न्हाणीघरातल्या गॅस गिझरचाही हाच धोका. तो बाहेर बसवून घ्या, तोवर खिडकी उघडी ठेवा. मुलांना आजच सांगा, पुढे ढकलू नका.

• मधुमेहामुळे पायांना बधिरपणा असेल, तर गरम पाण्याची पिशवी थेट लावू नका. चटका कळत नाही.

• तहान लागली नाही तरी पाणी प्या.

रक्तदाबाच्या गोळ्या आणि फ्लूची लस याबद्दल आपापल्या डॉक्टरांना विचारा. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे यांपैकी काहीही झाले, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा.

एकटे राहणाऱ्या सभासदांनी रोज सकाळी नऊपर्यंत गटावर 'ठीक आहे' एवढे कळवावे. निरोप आला नाही, तर शेजारचा सभासद घरी येऊन जाईल.

– कार्यवाह