रोव्हर मोजणी आणि भूचुंबकीय वादळे: मा. महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हातभर धुऱ्यासाठी (शेताच्या बांधासाठी) सख्ख्या भावांत वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या चालतात आणि अखेर सगळी भिस्त भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीवर येते. ही मोजणी आता रोव्हर या उपग्रहांच्या मदतीने जागा ठरवणाऱ्या यंत्राने होते, याचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र रोव्हर ज्या उपग्रहांच्या संकेतांवर चालतो, त्यांच्या वाटेत सूर्यही अडथळा आणू शकतो. याची दखल मोजणीच्या नियमांत घेतली जावी, एवढ्यासाठी हे पत्र.

सूर्यापासून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचा झोत अखंड वाहत असतो. या सौरवाऱ्याचा वेग साधारणतः सेकंदाला 300 ते 800 किलोमीटर असतो आणि एरवी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला बाजूने वळवून लावते. सूर्यावर मोठा उद्रेक झाला की वेग आणखी वाढतो. पण नुसत्या वेगाने भूचुंबकीय वादळ होत नाही. सौरवाऱ्यासोबत आलेल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असेल, तर दोन्हींच्या बलरेषा एकमेकींना जोडल्या जातात, ऊर्जा आत शिरून पृथ्वीच्या रात्रीकडील बाजूस साठते आणि तिथून विद्युतभारित कण पृथ्वीकडे लोटले जातात. त्यांचा प्रवाह विषुववृत्ताभोवती, हजारो किलोमीटर उंचीवर, कड्यासारखा फिरू लागला की जमिनीवरचे चुंबकीय क्षेत्र काही काळ क्षीण होते; हेच भूचुंबकीय वादळ. 2 सप्टेंबर 1859 रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने ही घट सुमारे 1600 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) इतकी नोंदवली होती. महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी ती नोंद आहे.

मार्च 1989 मध्ये अशाच वादळाने कॅनडातील क्युबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्याने विजेच्या जाळ्याला तेवढा धोका नाही. पण याच पट्ट्यात वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, आयनांबर, मुळातच चंचल असतो आणि वादळात तो अधिकच ढवळून निघतो. उपग्रहाचा संकेत त्यातूनच खाली येतो. मे 2024 च्या वादळात अमेरिकेतील शेतकऱ्यांचे जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत अडले होते.

आमच्याकडे भूकरमापक धुऱ्यावर दांडा धरून उभा असतो, दोन्हीकडचे लोक त्याच्या हातातील पडद्याकडे बघत असतात आणि 'फिक्स' यायला हवे तिथे 'फ्लोट' हटत नाही. 'फिक्स' म्हणजे दोन-चार सेंटिमीटरची चूक. 'फ्लोट'मध्ये हात-दोन हातांचाही फरक पडू शकतो, आणि आमच्या गावात तेवढ्यावरून डोकी फुटतात. कारण बाभळीची सावली असेल, मोबाइलची रेंज असेल किंवा वादळही असेल. म्हणूनच ते कळायला हवे.

पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटर अंतरावरून आपले 'आदित्य-एल1' यान सौरवारा मोजत आहे आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेची एक वेधशाळा नागपुरातही आहे. त्यांच्याशी समन्वय साधून वादळाचा इशारा मराठीत प्रत्येक तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयापर्यंत पोहोचवावा. अशा दिवशी हद्दीचा प्रत्येक बिंदू काही तासांच्या अंतराने दोनदा मोजावा, त्याची वेळ 'क' प्रतीवर (शेतकऱ्याला मिळणाऱ्या मोजणी नकाशावर) लिहावी आणि दोन मोजण्यांत तफावत आल्यास शेतकऱ्याकडून नव्याने फी न घेता फेरमोजणी करून द्यावी, अशी माझी आपणास विनंती आहे.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक शेतकरी व निवृत्त विज्ञान शिक्षक