अण्णा, आई, या हिवाळ्यात कोचीला याच

एर्नाकुलम

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

अण्णा, "समुद्रच बघायचा तर गणपतीपुळे काय वाईट?" असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात आणि लगेच फोन आईकडं दिलात. म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. वाचून मग नाही म्हणा.

कोचीचं हे बंदर पुरानं घडवलंय. आधी व्यापार चालायचा तो उत्तरेला, कोडुंगल्लूरजवळच्या मुझिरिसला. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला, तिथलं बंदर गाळानं भरलं आणि इकडं कोचीचं तोंड मोकळं झालं, असं सांगतात. २०१९ च्या पुरात आत्याच्या घरातून घमेल्यानं गाळ उपसणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पटायला जड जातं. पुढं मिरीसाठी पोर्तुगीज आले, १६६३ ला डचांनी त्यांना हुसकावलं, मग इंग्रज.

अण्णा, तुम्हाला आधी मट्टांचेरीला नेणार. ज्यू टाउनच्या गल्लीत शिरलं की मिरी-सुंठीचा वास येतो. मिरीचा वायदेबाजार इथंच भरायचा. आता पुष्कळ गोदामांत जुन्या वस्तूंची दुकानं झालीत, तिथं गिऱ्हाइकाचं तोंड बघून भाव सांगतात. आईला तिथनं हात धरून पुढं न्यायचं. पण आतल्या बाजूला अजून पोती उतरतात. सांगलीच्या यार्डात तुम्ही हळकुंड मोडून आतला रंग बघता ना, इथं मिरी लिटरच्या मापात भरून तोलतात. जेवढी जड भरेल तेवढा दाणा भरीव. व्यापाऱ्यांत गुजराती बरेच आहेत, त्यामुळं हिंदीवर भागतं. तुमचा तिथं अर्धा दिवस जाणार, हे मी धरूनच चाललोय.

त्याच गल्लीच्या टोकाला ज्यू लोकांचं १५६८ चं प्रार्थनास्थळ आहे. जमीन कोचीच्या राजानं दिली, तीही आपल्या वाड्याला आणि देवळाला लागून. आत जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, सगळ्या हातानं रंगवलेल्या. एकीसारखी दुसरी नाही म्हणतात. मी वाकून बराच वेळ शोधलं, जोडी सापडली नाही. ती माणसं बहुतेक इस्राएलला गेली. शेजारचा राजवाडा पोर्तुगीजांनी बांधून राजाला दिलेला, डचांनी दुरुस्त केला, म्हणून नाव डच पॅलेस. आई, त्याच्या शयनगृहाच्या भिंतींवर अख्खं रामायण चितारलंय. तुला तिथनं उठवायला वेळ लागेल. वाडा शुक्रवारी बंद, प्रार्थनास्थळ शनिवारी, तेव्हा हे दोन वार सोडून जाऊ.

जवळच गोव्याहून पळून आलेल्या सारस्वतांची वस्ती आणि त्यांचं तिरुमल देवस्थान आहे. तिथल्या बायका आपसात कोकणी बोलतात. निम्मं तुला कळेल, उरलेलं तू हातवाऱ्यांवर काढशील.

फोर्ट कोचीला चिनी जाळी बघायची. तराजूच्या दांडीसारखं लाकूड, एका टोकाला जाळं, दुसऱ्याला दोरांना बांधलेले धोंडे. एक गडी लाकडावरून पुढं चालत गेला की त्याच्या वजनानं जाळं पाण्यात बसतं. वर काढताना चार-सहाजण दोर ओढतात. एवढं करून बऱ्याचदा मूठभरच मासळी निघते. पलीकडं सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा १५२४ ला कोचीतच वारला, त्याला इथं पुरलं, १५३९ ला अवशेष पोर्तुगालला नेले. आता रिकामी जागा कठड्यात आहे. पाच मिनिटांचं काम.

आईच्या गुडघ्यांची काळजी करू नका. वॉटर मेट्रोच्या बोटी २०२३ पासून सुरू झाल्यात. धक्का पाण्यावर तरंगता असतो, त्यामुळं बोटीची पातळी आणि धक्क्याची एकच. पाय उचलावा लागत नाही. चेराईच्या किनाऱ्याला गाडीनं जाऊ, रस्त्याच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडीचं शांत पाणी. अतिरप्पिळ्ळीचा धबधबा मात्र वरूनच बघायचा. खाली उतरायची वाट मला दमवते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथं परतीचा पाऊस असतो, म्हणून डिसेंबरात या. हळदीची काढणी तेव्हा लांब असते. मिरजेवरून पूर्णा एक्सप्रेस थेट एर्नाकुलमला, म्हणजे इथं कोचीतच येते, पण आठवड्यातून एकदाच, त्यामुळं तारीख लवकर कळवा, आरक्षण मी इथून करतो. माझं दुकान पोरगा सांभाळेल, गलाईची म्हणजे सोनं-चांदी गाळायची भट्टी आता त्याला जमते.

आणि आई, इथं भाजीसुद्धा खोबरेलात करतात, भात लाल आणि जाड. येताना शेंगतेलाचा डबा आणि ज्वारीचं पीठ तेवढं आण.

तुमचा,
बाळू