नकार कळवण्यापूर्वी

ब्रेमेन,
३ मे २०२५

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इंग्लंडमधल्या विद्यापीठाने देऊ केलेला पीएच.डी.चा प्रवेश न स्वीकारण्याचे मी ठरवले आहे. उत्तर कळवण्याची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, परंतु तिकडे कळवण्याआधी तुम्हा दोघांना सगळी कारणे सविस्तर लिहावीत असे वाटले, कारण फोनवर हा विषय निघाला की बाबा, तुम्ही "पैशाची काळजी तू करू नकोस" एवढेच म्हणता आणि त्यापुढे माझ्याने बोलवत नाही. हे पत्र दादा-वहिनींनाही वाचायला द्यावे आणि आजीला, आई, तू वाचून दाखवावेस.

प्रवेश मिळाल्याचा आनंद खोटा नव्हता आणि आजही तो कमी झालेला नाही. ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली काम करण्याची संधी होती, त्यांचे खारफुटीच्या मातीत साठणाऱ्या कार्बनवरचे लेख मी ठाण्यातल्या चेंदणी बंदरावरच्या बांदोडकर महाविद्यालयात बी.एस्सी.ला असल्यापासून वाचत आले आहे. कॉलेजच्या मागेच खाडी, आणि त्या खाडीच्या चिखलावर इतक्या दूर बसलेला माणूस विचार करतो, याचे तेव्हा फार अप्रूप वाटे. त्यांनी माझी मुलाखत घेतली, संशोधनाचा आराखडा पसंत केला आणि माझ्या नावाची शिफारस केली, यात माझ्या कष्टांचे चीज झाले असे मी मानते. तेव्हा हा नकार भीतीपोटी किंवा न्यूनगंडापोटी आलेला आहे असे कृपया मनात आणू नका.

तिथल्या पद्धतीत विद्यापीठाचा प्रवेश आणि संशोधनाचा निधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे पेढे वाटताना ही बाब कुणाच्या लक्षात येणे शक्यच नव्हते. विभागाने विद्यार्थी पात्र ठरवला की प्रवेशपत्र येते. शिष्यवृत्ती मात्र स्वतंत्र स्पर्धेतून मिळते, आणि ब्रिटनच्या सरकारी संशोधन निधीतून दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्यांमध्ये परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण साधारणपणे तीस टक्क्यांपुरते मर्यादित ठेवलेले आहे. माझे नाव शिष्यवृत्तीच्या प्रतीक्षा यादीत होते. एप्रिलमध्ये ती यादी संपली आणि माझ्यापर्यंत काही आले नाही. आता हातात आहे तो स्वखर्चाने शिकण्याचा प्रवेश. पत्राच्या दुसऱ्या पानावर, शुल्काच्या तक्त्याखाली, या प्रवेशासोबत कोणतेही आर्थिक साहाय्य नाही असे एक ओळीचे वाक्य आहे. पहिल्या पानावरचे अभिनंदन आपण सर्वांनी वाचले, दादाने ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेही, पण निर्णय मला त्या दुसऱ्या पानावरून घ्यावा लागला.

बाबा, तुम्ही आयुष्यभर हिशेब चोख ठेवलात, म्हणून आकडे तुमच्यापुढे ठेवते. परदेशी विद्यार्थ्याचे वार्षिक शुल्क सुमारे २८,००० पौंड आहे. पौंडाचा भाव ११३ रुपये धरला तर वर्षाला साडेएकतीस लाखांहून अधिक आणि तीन वर्षांचे पंचाण्णव लाख होतात, शिवाय हे शुल्क दर वर्षी थोडे वाढते. राहण्या-जेवण्याचा खर्च काटकसरीने महिना १,२०० पौंड धरला तरी तीन वर्षांत एकोणपन्नास लाख लागतील. व्हिसासोबत आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड या दराने सगळ्या मुदतीचा आगाऊ भरावा लागतो, तो वेगळा. विमानाची तिकिटे सोडून दिली तरी रक्कम दीड कोटीच्या घरात जाते. त्यातही प्रबंध बरोबर तीन वर्षांत पुरा होतोच असे नाही. अनेकांना चौथे वर्ष लागते, आणि त्या वर्षी शुल्क कमी असले तरी घरभाडे कमी होत नाही.

यातील एक कोटी बँकेकडून आणि उरलेले भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटीच्या पैशांतून, असा तुमचा विचार दादाने मला सांगितला. एक कोटीवर दहा टक्के व्याज आणि पंधरा वर्षांची मुदत धरली तर मासिक हप्ता एक लाख सात हजारांच्या आसपास येतो, आणि शिक्षणाच्या काळात साचत जाणारे व्याज यात धरलेलेच नाही. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०ई खाली व्याजावर करसवलत मिळते हे खरे, परंतु ती आठ वर्षांपुरती असते, नव्या करप्रणालीत ती मिळत नाही, आणि निवृत्तीनंतरच्या तुमच्या उत्पन्नात तिचा फारसा उपयोगही नाही. पीएच.डी.नंतर मिळणारी कामे बहुधा दोन-तीन वर्षांच्या कराराची असतात. अशा करारांच्या भरवशावर पंधरा वर्षांचा हप्ता उचलणे मला रास्त वाटत नाही. माझा करार संपून नवे काम मिळेपर्यंत जे महिने जातील, त्या महिन्यांचा हप्ता दादाच्या अंगावर येईल, आणि त्याच्या घोडबंदर रोडच्या घराचे कर्ज अजून फिटायचे आहे.

तारण म्हणून नौपाड्याचे घर ठेवायचे, या एका गोष्टीने माझी झोप उडवली. आपली इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून सोसायटीच्या सभा चालू आहेत, विकासकाशी करार अजून व्हायचा आहे. अशा वेळी सदनिका बँकेकडे गहाण असली तर सोसायटीचे ना-हरकत पत्र, बँकेची संमती, नव्या जागेच्या हक्काची नोंद अशी प्रत्येक पायरी अवघड होते, आणि इमारतीतील बाकीच्या कुटुंबांचे कामही आपल्यामुळे अडू शकते. कायद्याची ही बाजू बाजूला ठेवली तरी, आजीने ज्या घरात इतकी वर्षे काढली, आई, तू ज्या घरासाठी शिकवण्या केल्यास आणि स्वतःसाठी काही घेणे सतत पुढे ढकललेस, ते घर माझ्या पदवीसाठी पणाला लावणे मला मान्य नाही. तुम्ही ते मनापासून देऊ केलेत हे मी कधी विसरणार नाही. पण देणाऱ्याने दिले म्हणून घेणाऱ्याने घ्यायलाच हवे, असे नाही.

आता असे समजा की पैशाचा प्रश्न कसाबसा सुटला. तरीही मी हा प्रवेश घेतला नसता, आणि हे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

माझे काम चिखलाचे आहे. ओहोटीच्या वेळी तिवरांच्या मुळांमधून आत जायचे, अर्धा मीटर लांबीची पोलादी नळी हाताने गाळात दाबायची, फिरवायची आणि अलगद वर काढायची. नळी उघडली की वरचा गाळ तपकिरी दिसतो, खाली राखाडी होत जातो, आणि आणखी खाली काळसर थर लागतो, त्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास असतो. त्या थरात हवा पोहोचत नाही, म्हणून पडलेले पान, मूळ, काडी पुरते कुजत नाही आणि त्यातला कार्बन दीर्घकाळ तिथेच राहतो. मग त्या गाळाचे पाच-पाच सेंटिमीटरचे तुकडे करायचे, वाळवायचे, तोलायचे, आम्लाने शिंपल्यांचा चुना काढून टाकायचा आणि यंत्रात कार्बन मोजायचा. कोणता थर किती वर्षांपूर्वीचा हे ठरवायला शिशाच्या किरणोत्सारी समस्थानिकाची चाचणी लागते, ती महाग असते, आणि एका जागेच्या एका नमुन्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ठाण्याच्या खाडीसाठी तर होडी हवी, भरती-ओहोटी सांभाळणारी कोळीवाड्यातली जाणती माणसे हवीत, वन विभागाची परवानगी हवी. खाडीचा तो भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे, त्यामुळे परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि ते योग्यच आहे. शिवाय परदेशी संस्थेसाठी भारतातले जैविक नमुने घ्यायचे तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते. त्यात जाणारे महिने तीन वर्षांच्या मुदतीतूनच वजा होतात.

या सगळ्याचा खर्च निधीतून होतो. निधी असलेल्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेचे आणि प्रवासाचे पैसे त्याच्या प्रकल्पातून मिळतात. स्वखर्चाने आलेल्याने शुल्क तर भरायचेच, आणि नमुन्यांसाठी पुन्हा दारोदार फिरायचे. मी प्राध्यापकांना हा प्रश्न स्पष्ट विचारला. त्यांनीही तितकेच प्रामाणिक उत्तर दिले: या वर्षी क्षेत्रकार्यासाठी त्यांच्याकडे पैसे नाहीत, मला बहुतांश काम इतरांच्या जुन्या आकडेवारीवर करावे लागेल, आणि थांबण्याचा निर्णय मी घेतला तर त्यांना तो समजेल. दीड कोटी खर्चून मी संगणकासमोर बसून दुसऱ्यांनी मोजलेला चिखल पुन्हा मोजायचा, असा त्याचा अर्थ होतो. तेही काम मोलाचे आहे, अनेकजण ते उत्तम करतात, परंतु मला ज्यासाठी पीएच.डी. करायची आहे ते हे नव्हे. ऐरोलीपासून वाशीपर्यंतच्या गाळात किती कार्बन आहे आणि खाडी उथळ होत चालल्यावर त्याचे काय होते, हे मला स्वतः मोजायचे आहे.

प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, हेही मी विचारले होते. ढकलता येतो, मात्र शिष्यवृत्तीसाठी नव्याने अर्ज करून पुन्हा त्याच स्पर्धेत उतरावे लागते. तसे असेल तर जागा अडवून ठेवण्यापेक्षा स्वच्छ नकार देऊन, पुढे निधी असेल तेव्हा नव्याने अर्ज करणे मला सरळ वाटते.

आई, तू परवा म्हणालीस की हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. तुझी काळजी मला समजते, म्हणून पुढचे काय ते लिहिते. जर्मनीत माझ्या विषयातली पीएच.डी. ही बहुतेक वेळा नोकरी असते. विद्यापीठ किंवा संशोधन संस्था जागेची जाहिरात काढते, निवड झाली की सरकारी वेतनश्रेणीनुसार करार होतो, बऱ्याचदा पूर्ण वेळेच्या पासष्ट टक्क्यांचा, आणि त्याचा पगार करापूर्वी महिना सुमारे तीन हजार युरो येतो. शिक्षणशुल्क नसते, सत्राचे किरकोळ शुल्क तेवढे भरायचे. सध्या इथे करते आहे ती पदव्युत्तर पदवी हाती आली की काम शोधण्यासाठी इथे दीड वर्षापर्यंत राहण्याचा परवाना मिळू शकतो. त्या पदवीचा माझा प्रबंध या उन्हाळ्यात सादर होईल, आणि सध्या प्रयोगशाळेत विद्यार्थी साहाय्यक म्हणून करते ते काम तोपर्यंत चालू राहील. खारफुटीवर आणि किनारी परिसंस्थांवर काम करणाऱ्या संस्था ब्रेमेनमध्ये आणि उत्तरेकडच्या इतर शहरांत आहेत. दोन जागांसाठी अर्ज तयार करून ठेवले आहेत. जागा लगेच मिळेल याची खात्री मी देत नाही, कदाचित पुढचे वर्ष उजाडेल. मधल्या काळात माझा खर्च मी भागवीन, तुम्हाला काही पाठवावे लागणार नाही.

आत्याला फार वाईट वाटेल, हे मी जाणून आहे. तिने सोसायटीतल्या सर्वांना विद्यापीठाचे नाव सांगितले आहे आणि आता काय सांगायचे, असे ती तुम्हाला विचारील. तिला सांगा की प्रवेश मिळाला होता हे खरेच आहे, त्यात कमीपणा येण्याजोगे काही नाही, आणि शिष्यवृत्ती नव्हती म्हणून घेतला नाही. एवढे सरळ सांगितले की लोक दुसरा प्रश्न विचारत नाहीत असा माझा अनुभव आहे. विचारलाच कुणी, तर माझा नंबर द्यावा. मुलीने परदेशात असा निर्णय परस्पर कसा घेतला, असेही कुणी म्हणेल. बाबा, हा निर्णय परस्पर घेतलेला नाही. तुम्ही मला वाणसामानाच्या यादीपासून व्याजाच्या हिशेबापर्यंत सगळे समोर बसवून शिकवलेत, आणि या पत्रातला प्रत्येक आकडा मी त्याच पद्धतीने तपासला आहे.

आता तीन विनंत्या आहेत. बँकेत कर्जाची फाइल उघडण्यासाठी घराची कागदपत्रे दिली असतील तर या आठवड्यात ती परत आणावीत आणि पोच घेऊन ठेवावी. मुदत ठेवी मोडू नयेत. एखादी मोडण्यासाठी अर्ज दिला असेल तर दादाला सांगून तो थांबवावा. आणि पुढच्या रविवारी मी फोन करीन तेव्हा तुमच्या मनात जे काही असेल, राग असला तरी, ते मला स्पष्ट सांगावे. माझ्या हिशेबात एखादी गोष्ट सुटली आहे असे वाटले तर तीही सांगा. प्राध्यापकांना आणि प्रवेश कार्यालयाला पाठवायची पत्रे मी लिहून ठेवली आहेत, पण तुमच्याशी बोलणे झाल्यावरच ती जातील.

इकडे हवा आता बरी आहे, संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड असतो. वहिनीने पाठवलेला गोडा मसाला पोहोचला. आजीच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ती रोज करते का, ते कळवा.

आजीला साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार.

तुमची,
लेक