गॅस बंद होता तेव्हा धावून आलेल्या शेगडीवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

रस्त्याच्या खोदकामात गॅसची लाइन फुटली आणि रत्नागिरीतल्या आमच्या इमारतीचा पाइप गॅस जो गेला, तो आठवडा उलटला तरी येईना. बाकीच्यांनी कसंबसं भागवलं. काळजी होती तळमजल्यावरच्या आजींची. एकट्या राहतात, छातीत पेसमेकर, आणि नाकाला वास जवळजवळ येत नाही. त्यांच्यासाठी तुम्ही जे केलंत त्याचे आभार आहेतच, पण जे करू दिलं नाहीत त्याचे जास्त.

सिलिंडरचंच घ्या. शेजारचा जादा सिलिंडर आजींच्या शेगडीला जोडायचं जवळपास ठरलं होतं. तुम्ही पाइप गॅसचा एक आणि सिलिंडरचा एक असे दोन जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, चिमटीत धरून उजेडाकडे नेलेत. पाइप गॅसच्या जेटचं भोक साध्या डोळ्यांनाही मोठं दिसत होतं. पाइपचा गॅस २१ मिलिबार दाबाने येतो, सिलिंडरचा रेग्युलेटर ३०च्या आसपास देतो, शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या सिलिंडर गॅसमध्ये उष्णता अडीचपट. म्हणजे उंच पिवळी ज्योत, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड. जेट बदलता आले असते, पण लाइन सुरू झाल्यावर ते परत बदलायची आठवण कोण ठेवणार, या तुमच्या प्रश्नावर कुणाकडे उत्तर नव्हतं. कोळशाची शेगडी तर तुम्ही दारातूनच परत पाठवलीत. पावसात खिडक्या लावून कोळसा पेटवायचा नाही, विषय संपला.

इंडक्शनही नको म्हणालात. पेसमेकरवाल्याने चालू इंडक्शनच्या चुंबकीय क्षेत्रापासून दोन फूट लांब राहायचं. ढवळायला वाकलं की ते अंतर उरतंच कुठे? म्हणून १५०० वॅटची कॉइलची हॉटप्लेट आणलीत. ती साडेसहा अँपिअर ओढते, ६ अँपिअरच्या पॉइंटवर चालवायची नाही, एक्स्टेन्शन बोर्डावर तर नाहीच. १६ अँपिअरचा पॉइंट होता, पण खाऱ्या हवेने आतली पितळी पट्टी हिरवी पडलेली. संपर्क सैल झाला की तिथेच तापतं आणि प्लग वितळतो, म्हणून तो सॉकेटच बदललात. प्लेट बंद केल्यावरही बराच वेळ चटका देते, त्यासाठी तिच्यावर लगेच पाण्याचं पातेलं ठेवायची सवय आजींना लावलीत. हे आम्हाला सुचलं नसतं. रात्री भिजवलेल्या उकड्या तांदळाची पेज उकळून गोधडीत गुंडाळायची युक्ती मात्र आजींची स्वतःची, बरं का!

सगळ्यात मोठं काम गॅस यायच्या आधीचं. पुरवठा नसताना कुणाचा नॉब उघडा राहिला, तर गॅस येताच तो न पेटता घरात भरतो, आणि आजींना वास कळला नसता. तुम्ही मीटरजवळचा कॉक आडवा करून, म्हणजे पाइपला काटकोनात बंद करून, त्यावर चिकटपट्टी लावलीत. लाइन सुरू झाल्यावर खिडकी आणि वरचा झरोका उघडलात, कारण हा गॅस हवेपेक्षा हलका, वर साठतो. आधी पाइपातली हवा येते. ती जाईपर्यंत लोक नॉब उघडा ठेवून लायटर मारत बसतात आणि मग भडका उडतो. तुम्ही एकच बर्नर घेतलात, पेटला नाही की बंद करून थांबलात. निळी ज्योत स्थिर झाल्यावर प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलंत.

आता आणखी काही घरांना १६ अँपिअरचा पॉइंट हवाय. गणपतीच्या आधीची तारीख सांगा, आणि या वेळी मजुरी घ्यायची.

तुमचे,
इमारतीतले सगळे रहिवासी