गाईच्या तापात गोचीड शोधतो, मग माणसाच्या तापात का नाही?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेले तीन आठवडे आपल्या नाशिक पानावर डेंग्यू आणि चिकुनगुनियाच्या बातम्या रोज येत आहेत. धूरफवारणी, कुंड्यांतले पाणी, गच्चीवरचे टायर, कोरडा दिवस हे सारे छापून येते आणि यायलाच हवे. पण डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि ताप तर उतरत नाही, अशा माणसाने पुढे काय करायचे, ते कुठल्याच बातमीत नसते. हे पत्र मी त्या माणसासाठी लिहितो आहे.

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेला पशुधन पर्यवेक्षक. इगतपुरी, त्र्यंबक आणि पेठ या तालुक्यांत ३३ वर्षे नोकरी केली. संकरित गाईला ताप भरला, तिने चारा सोडला, खांद्यापुढची गाठ सुजली की आमचा हात आधी तिच्या कानात, मग शेपटीखाली आणि कासेकडे जाई. गोचीड सापडला की कानातून रक्ताचा ठिपका काचपट्टीवर घ्यायचा आणि थायलेरिया, बबेसिया किंवा अॅनाप्लाझ्मा, कोणता ताप आहे ते पाहायचे. गावातला न शिकलेला गुराखीसुद्धा ‘गोचीड ताप’ हा शब्द बरोबर वापरतो. गावरान डांगी जनावर त्यातून बऱ्याचदा तगते, संकरित गाय वेळेत इंजेक्शन मिळाले नाही तर हातची जाते, हेही त्याला ठाऊक असते.

किडा चावल्याने ताप येतो हे विज्ञानालाही फार लवकर कळले ते गुरांमुळेच. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला तो १८९७ साली. त्याच्या चार वर्षे आधी, १८९३ मध्ये, अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी गुरांचा ताप गोचीडच पसरवतो हे दाखवून दिले होते. यातले किलबोर्न जनावरांचे डॉक्टर होते. नोकरीत असताना ही गोष्ट मी नव्या मुलांना आवर्जून सांगत असे.

आता घरची गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी भातसोंगणीच्या दिवसांत इगतपुरी तालुक्यातल्या आमच्या गावी माझ्या धाकट्या भावजयीला ताप आला. दोन दिवस गावातच गोळ्या आणि सलाइन झाले. मग तिला नाशिकला आणून एका खासगी रुग्णालयात दाखल केले. डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह. विडाल तपासणी किंचित पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइड धरून इंजेक्शने सुरू झाली. पाच दिवस ताप हलला नाही. प्लेटलेट घसरत गेल्या, डोळे पिवळे दिसू लागले, सातव्या दिवशी दम लागला. आम्ही तिला दुसरीकडे हलवले. तिथे रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने पडदा ओढला, भावजयीला कुशीवर वळवले आणि डोक्यापासून पायापर्यंत अंग तपासले. परकराच्या नाडीखाली, कंबरेच्या मागच्या बाजूला, उदबत्तीचा चटका बसावा तशी एक काळी खपली होती. ती दुखत नव्हती, खाजत नव्हती. भावजयीला स्वतःलाही तिचा पत्ता नव्हता. डॉक्टरांनी विचारले, “काकू, शेतात गवतात बसला होतात का?” सोंगणीच्या दिवसांत दुसरीकडे कुठे बसणार! स्क्रब टायफस निघाला. डॉक्सिसायक्लिन सुरू झाले आणि दोन दिवसांत ताप उतरला.

त्या सात दिवसांत मी तिच्या खाटेशेजारी बसून होतो. गाईच्या अंगावर चाव्याची जागा शोधण्यात माझे आयुष्य गेले, पण घरच्या माणसाच्या अंगावर ती शोधावी हे मला सुचले नाही. ती खंत मनातून जात नाही, म्हणूनच हे लिहितो आहे.

स्क्रब टायफस गोचिडाने होत नाही, त्याच्या जातकुळीतल्या माइट नावाच्या अगदी बारीक किड्याच्या पिल्लाने होतो. हे पिल्लू वाळूच्या कणाएवढे, तांबूस असते आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसते. आयुष्यात ते एकदाच चावते, तेही सहसा उंदीर-चिचुंद्र्यांना. माणसाला चावले तर चाव्याच्या जागी ती काळी खपली धरू शकते. बांधावरचे गवत, झुडपे, पडीक जमिनीची कड ही त्याची जागा. माइटच्या मादीकडून हा जंतू अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो, त्यामुळे एखाद्या बांधावर तो एकदा आला की वर्षानुवर्षे राहू शकतो. चावल्यानंतर साधारण दहाएक दिवसांनी ताप येतो, तोवर गवतात बसल्याचे कोणाच्या लक्षातही राहत नाही. माणसाकडून माणसाला तो लागत नाही. जंतू पेशीच्या आत लपून राहणारा असल्याने टायफॉइडसाठी देतात त्या नेहमीच्या इंजेक्शनांना तो दाद देत नाही. उलट डॉक्सिसायक्लिन हे टेट्रासायक्लिन कुळातले स्वस्त औषध त्याला पुरते. त्याच कुळातले ऑक्सिटेट्रासायक्लिन आम्ही गाईंना अॅनाप्लाझ्मासाठी वर्षानुवर्षे देत आलो.

या आजारावर अलीकडे झालेले मोठे संशोधन आपल्याच देशातले आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. जॉर्ज वर्गीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या सात केंद्रांवर गंभीर स्क्रब टायफसच्या ७९४ रुग्णांवर अभ्यास केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसते डॉक्सिसायक्लिन, नुसते अॅझिथ्रोमायसिन आणि दोन्ही एकत्र, असे तीन गट होते. औषध शिरेतून दिले. मृत्यू, सातव्या दिवशीही टिकून असलेली गुंतागुंत किंवा पाचव्या दिवशीही न उतरलेला ताप, यांपैकी काही ना काही एकेका औषधाच्या गटात ४७-४८ टक्के रुग्णांत आढळले, तर दोन्ही औषधे मिळालेल्यांत ३३ टक्क्यांत. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र मोठा फरक पडला नाही. मी डॉक्टर नाही, पण मला यातून एवढे कळते की रुग्ण गंभीर होईपर्यंत थांबलो तर उत्तम औषधांनाही मर्यादा पडते. तमिळनाडूच्या ग्रामीण भागात घरोघरी जाऊन ताप शोधणारा अभ्यासही झाला आहे. त्यात हा आजार दुर्मिळ नाही, शोधला की सापडतो, हेच दिसले. आपल्या राज्यात २०१८ साली नागपूर आणि आसपासच्या भागाने त्याचा मोठा तडाखा सोसला. तो विदर्भातच थांबेल असे मानायला काहीही आधार नाही. गवत, उंदीर आणि पावसाळा आपल्याकडेही आहेत.

किडे चावून होणाऱ्या बाकीच्या आजारांचे थोडक्यात सांगतो. गोचिडामुळे होणारा माकडताप १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात सापडला. २०१६ मध्ये तो आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आला. चांदीपुरा विषाणूला नाव मिळाले ते नागपूरच्या चांदीपुऱ्यावरून, १९६५ मध्ये. तो वालुमाशीतून पसरतो, लहान मुलांना एक-दोन दिवसांत बेशुद्धीपर्यंत नेतो, आणि २०२४ मध्ये त्याने गुजरातेत अनेक बालकांचे बळी घेतले. आपल्या सुरगाणा आणि पेठच्या सीमा गुजरातला लागून आहेत. वालुमाशी लपते त्या घराच्या आणि गोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवणे हे तिथले पहिले काम.

काँगो तापाबद्दल मात्र गुरे पाळणाऱ्यांशी मला थोडे सविस्तर बोलायचे आहे. भारतात तो पहिल्यांदा निश्चित झाला २०११ मध्ये, गुजरातेत. रुग्ण तर गेलाच, त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेल्या. हा विषाणू जनावरात असला तरी जनावर आजारी दिसत नाही. तो गोचिडाच्या चाव्यातून, गोचीड हाताने चिरडल्यास किंवा संसर्ग झालेल्या रक्ताच्या स्पर्शातून माणसात येऊ शकतो. नुकताच पोळा झाला. बैल धुताना मुले कानातले गोचीड ओढून काढतात आणि नखाने किंवा दगडाने फोडतात. मी लहानपणी हेच केले आहे. नाशिक जिल्ह्यात हा ताप आहे असे मी म्हणत नाही. तरी ही सवय आजच सोडावी. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला चढवा, चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढा, साबणाच्या पाण्यात टाका, हात धुवा. गोचीडनाशक औषध पशुवैद्यकांना विचारूनच लावा.

माझे मागणे मोठे नाही. जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत तापाच्या केसपेपरवर दोन ओळी वाढवाव्यात: ‘शेत, गवत किंवा गुरांशी संबंध आला का?’ आणि ‘अंगावर काळी खपली आहे का?’ काखेत, जांघेत, स्तनांखाली, कंबरेला, कानामागे पाहावे लागते. आपल्याकडच्या बायका लाजतात, म्हणून पडदा आणि स्त्री कर्मचारी हवी. खपली प्रत्येकाच्या अंगावर असतेच असे नाही, तेव्हा स्क्रब टायफसची एलायझा ही रक्ततपासणीही जिल्ह्यातच सहज मिळावी. तीही पहिल्या दिवसांत चुकू शकते. म्हणूनच संशय आला की अहवालासाठी न थांबता उपचार सुरू करावेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मार्गदर्शक सूचनांतही आहे. औषध मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे. हे पत्र वाचून कोणीही मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत.

आणखी एक. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशकात, म्हसरूळला आहे. इगतपुरी ते सुरगाणा या पट्ट्यातल्या निदान न झालेल्या तापांचा अभ्यास विद्यापीठाने हाती घ्यावा आणि पशुसंवर्धन खात्यातल्या लोकांना सोबत घ्यावे. कोणत्या पाड्यावर गोचीड किती, कोणत्या कुरणात उंदीर किती, हे त्यांना रोज दिसते. आजवर त्यांना कोणी विचारलेले नाही.

आपल्याला एक विनंती. त्या काळ्या खपलीचा स्पष्ट, रंगीत फोटो एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाकडून मिळवून आपल्या दैनिकात ठळक छापावा. आमच्या गावाकडे भाताची सोंगणी सुरू व्हायला अजून महिनाभर आहे. तेवढ्यात तो फोटो घरोघरी पोहोचेल.

आपला नम्र,
निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
इंदिरानगर, नाशिक