मंत्रिमहोदय, शोधायला शिकवण्यासाठी सहा तास द्या

मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, स.न.वि.वि.

तालुक्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. प्रकल्प सादर करायची तारीख जवळ आली की आमच्याकडे गर्दी होते. यंदा एम.ए. अर्थशास्त्राची एक मुलगी आली. विषय महिला बचत गटांची कर्जफेड. म्हणाली, "सर, यावर कुणी कामच केलेलं नाही. तसंच लिहून टाकू का?" तिने संशोधन-लेखांच्या डेटाबेसमध्ये प्रकल्पाचं अख्खं इंग्रजी शीर्षक टाकलं होतं, तालुक्याच्या नावासकट. निकाल शून्य.

मग आम्ही दोघं बसलो. 'अ स्टडी ऑफ', 'विथ स्पेशल रेफरन्स टू' हे आधी काढलं (यांच्याशिवाय आपल्याकडे शीर्षकाचं बारसंच होत नाही). 'सेल्फ हेल्प ग्रुप' अवतरणचिन्हांत घातलं, म्हणजे तिन्ही शब्द सलग असलेलेच लेख येतात. त्याला 'ऑर'ने (म्हणजे यातलं कुठलंही एक चालेल) 'मायक्रोफायनान्स' जोडून दोन्ही कंसात टाकले आणि पुढे 'अँड रिपेमेंट', म्हणजे कर्जफेडीचा शब्दही लेखात हवाच. आता लेख इतके आले की वर्षांची चाळणी लावावी लागली. त्यातल्या एका चांगल्या लेखाची संदर्भसूची उघडून दिली, पुढचं तिचं तिने शोधलं. वीस मिनिटांचं काम. बी.ए.पासून तिला हे कुणी दाखवलं नव्हतं. मीही नाही, हे कबूल करतो. वेळापत्रकात ग्रंथपालाला तास नसतो. वर्षारंभी अर्धा तास 'ग्रंथालय परिचय' होतो, तो नियम आणि दंड सांगण्यात संपतो.

पैसा कमी पडतोय असं नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने संशोधन नियतकालिकांची वर्गणी देशभरासाठी एकत्र भरणाऱ्या 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजनेला मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, १३ हजारांच्या आसपास नियतकालिकं. आमच्यासारख्या महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेट या केंद्रीय संस्थेचं एन-लिस्ट, म्हणजे ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं देणारी सेवा, त्याआधीपासून आहे. पासवर्ड वाटले जातात, आणि मुलं गूगलच्या पहिल्या पानावर थांबतात.

मराठीत शोधणाऱ्याची तर आणखीच तऱ्हा. या 'तऱ्हा'तला अर्धा र संगणकावर दोन प्रकारे उमटतो: कुठे नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ, कुठे साधा र आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना अक्षर एकच, पण साध्या शोधयंत्राच्या लेखी शब्द दोन. 'शेतकऱ्यांच्या' असं शोधलं की दुसऱ्या पद्धतीने टंकलेल्या नोंदी हातून निसटतात. म्हणून जिथे चालतं तिथे मी 'शेतक' एवढंच टाकून पुढे तारांकन (*) द्यायला सांगतो; मग पुढे काहीही असलेले शब्द येतात, 'शेतकरी'ही सापडतो. त्यात 'शोधगंगे'वर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, मराठी प्रबंधाचं शीर्षक कधी देवनागरीत भेटतं, कधी रोमन लिपीत. दोन्हींकडे बघायचं असतं, हे मुलांना कोण सांगणार?

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या चौथ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आलाच आहे. त्याआधीच्या संशोधन पद्धतीच्या पेपरातले फक्त सहा तास ग्रंथपालाला द्या, फळ्यासमोर नव्हे, संगणकासमोर. परीक्षेत व्याख्या विचारू नका. विद्यार्थ्याने कोणते शब्द टाकले, काय आलं, मग काय बदललं, याची वही तपासा. विद्यापीठांनाही कळवा की प्रबंध स्वीकारताना शीर्षक देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत नोंदवून घ्यावं. आणि जिथे ग्रंथपालाचं पद रिकामं आहे तिथे ते भरा, नाहीतर हे तास कारकुनाच्या गळ्यात पडतील.

आमच्या ग्रंथालयात सहा संगणक आहेत, चालतात चार. पंधरा-पंधरा मुलांच्या तुकड्या केल्या तर भागेल. आदेश जूनपूर्वी निघाला तर याच वर्षी सुरुवात करतो.

आपला,
एक ग्रंथपाल