हेतू नक्की कुणाचा?

म्हापसा, गोवा

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

कायदा करणाऱ्याच्या मनात काय होतं ते शोधलं की अर्थ सापडला, हे तुझं म्हणणं पुण्यात बसून ठीक आहे रे. आमच्याकडे ते पहिल्याच पायरीवर अडतं.

आमची नागरी संहिता १८६७ ची, लिस्बनमध्ये झालेली. १८७० पासून गोव्यात लागू. पोर्तुगालने ती १९६७ मध्ये बाजूला ठेवली. आपल्या संसदेने मात्र १९६२ मध्ये इथले कायदे तसेच चालू ठेवले. (वारसाहक्काचा भाग पुढे राज्याच्या २०१२ च्या कायद्यात आला, ते असो.) मग हेतू कुणाचा धरायचा? लिस्बनवाल्यांचा की संसदेचा? संसदेने एकेक कलम वाचून मनात काही धरलं असेल असं तुला खरंच वाटतं? परवा कोर्टाच्या व्हरांड्यात फायलींचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेल्या एका अशिलाने मला रोखठोक विचारलं, "वकीलबाब, पोर्तुगीज गेले, मागीर तांचो कायदो कित्याक?"

२०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघ. मुलंबाळं असली तर माणसाला आपल्या वाट्यातलं निम्म्याहून जास्त मृत्युपत्राने भलत्याला देता येत नाही, हा इथला नियम. गोंयकाराची मालमत्ता मुंबईत असेल तर तिथेही तो लागेल का? १८६७ च्या कायदेपंडिताला विचारलं असतं तर मुंबई म्हणजे इंग्रजांचा मुलूख, परका देश! न्यायालय म्हणालं, संसदेने स्वीकारल्यावर हा भारतीय कायदाच झाला. मालमत्ता देशात कुठेही असो, लागेल. अक्षर तेच, बोलणारा बदलला आणि कायद्याचा पल्ला वाढला.

म्हणून मला मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा याचे नियम बांधणारे, जवळचे वाटतात. वेद अपौरुषेय, म्हणजे ज्याला जाऊन विचारावं असा कर्ताच नाही. पण म्हणून वाटेल तो अर्थ लावायची मुभा त्यांनी दिली नाही. श्रुती (थेट शब्द), लिंग (शब्दातली सूचना), वाक्य (शब्दांचा एकमेकांशी संबंध), प्रकरण (संदर्भ), स्थान (जागा, क्रम), समाख्या (नाव) अशी अर्थ ठरवायच्या प्रमाणांची उतरंड लावली. दोन प्रमाणं भांडली तर आधीचं वरचढ. वाक्य स्पष्ट बोलत असेल तर प्रकरणाच्या आडून त्याला वाकवायचं नाही. अर्थात, 'स्पष्ट' काय हे ठरवणारा माणूसच, आणि तिथे तू मला पकडणार हे ठाऊक आहे. पण निदान तो कुठे वाकवतोय ते दिसतं तरी. 'विधिमंडळाचा हेतू' म्हटलं की न्यायाधीशाने स्वतःचं मत दुसऱ्याच्या तोंडी घातलं तरी पत्ता लागत नाही.

उत्तर सविस्तर लिही. फोनवर तू वाद गुंडाळतोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिगंबर